सोयऱ्यांचा मासा

शोभाताईच्या साखरपुड्याला अकोल्याच्या सोयऱ्यांनी साडी, अंगठी आणि ओटीच्या सामानाबरोबर एक जिवंत मासा आणला होता, हे कोणाला सांगितलं की आधी त्याचं हसणं ऐकून घ्यावं लागतं. हसा बापडे. मला त्यात हसण्यासारखं आजवर काही सापडलेलं नाही. त्या माशानं माझं अकरावीचं वर्ष खाल्लं, माझे मासे मारले, आणि ताई अकोल्याला नांदायला जाणार की नाही हेसुद्धा अखेर त्याच्यामुळेच ठरलं. माझ्यामुळे नाही. मी घसा कोरडा होईपर्यंत बोलत होते, पण आमच्या घरात धाकट्या पोरीचं बोलणं म्हणजे वरच्या माळ्यावरचा पंखा. फिरतो आहे, फिरू दे.

घर अमरावतीत, अंबापेठेच्या मागच्या गल्लीत. खाली बाबांचं मोटारपंपांचं दुकान आणि वर आम्ही चौघं. बाबांना एका डॉक्टरच्या दवाखान्यात माशांची काचेची पेटी दिसली आणि थोड्याच दिवसांत आमच्या बैठकीत तिच्याहून हातभर लांब पेटी आली. ज्याच्या दुकानातून निम्म्या तालुक्याच्या विहिरींवर पंप गेले, त्याच्या घरी पाणी फिरतं दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पेटी आणून ठेवली आणि त्यांचं काम संपलं. पुढचं सगळं माझ्या गळ्यात पडलं आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. दिवसभर घरात हवेच्या पंपाची घरघर असायची. खालून मोटारी तपासल्याचा आवाज, आतून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि मधे ही घरघर. विजेची लाइन गेली की ती थांबायची. मग मी असेन तिथून उठून तांब्यानं पेटीतलं पाणी उपसून उंचावरून परत पेटीतच सोडत बसायचे, म्हणजे माशांना हवा मिळेल. इतिहासाचं पुस्तक मांडीवर आणि हातात तांब्या, असं माझं अर्धं शिक्षण झालं. आई म्हणायची, "निमे, एवढी सेवा सासूची करशीन तं नाव काढशीन."

आमच्या वऱ्हाडात पाहुणा रिकाम्या हातानं येत नाही आणि त्याला उपाशी पोटी जाऊ देत नाहीत. या दोन चांगल्या रीतींनी मिळून माझे जेवढे मासे मारले, तेवढे रोगानं मारले नसतील. आमच्याकडे पेटी आहे हे कळल्यापासून लोक पेढे-बिस्किटं आणायचे सोडून मासे आणू लागले. तिवशाचे मोठे काका आले की प्लास्टिकच्या पिशवीत एक मासा. धामणगावची आत्या आली की दोन. नको म्हणायची सोय नाही, कारण आणलेली वस्तू नको म्हणणं म्हणजे माणूस नको म्हणणं. वर आग्रह. आत्या पेटीपुढे बसून शेवेचा चुरा टाकायची आणि माशांना म्हणायची, "घे वं माय, घे, लाजू नको." पुढच्या खेपेला चपला काढता काढता पहिला प्रश्न, "माहा मासा कुठी हाय?" तो कधीचाच कोणाच्या तरी पोटात गेलेला असायचा. मी दुसऱ्या कोणत्याही माशाकडे बोट दाखवायचे आणि आत्या म्हणायची, "काय मोठा झाला वं."

कोणता मासा कोणाबरोबर राहतो, हे त्या काळात विचारायचं कोणाला? इतवाऱ्यात सलीमभाईंचं दुकान होतं, पुढे पक्ष्यांचे पिंजरे आणि मागे मासे. माणूस अतिशय गोड. पण हा त्याच्यासोबत राहील का, असं विचारलं की उत्तर एकच. "रह लेंगे बेटा. दो दिन लड़ेंगे, फिर आदत पड़ जाती." एंजल आणि टायगर बार्ब? रह लेंगे. ऑस्कर आणि गप्पी? रह लेंगे. ऑस्करनं गप्पी दुपारच्या जेवणाआधी संपवले. मी भांडायला गेले तर सलीमभाई म्हणाले, "भूखा होगा बेचारा." आजही काही बदललेलं नाही. माझ्या मुलानं मला फोनवरच्या मासेवाल्यांच्या गटात घातलं आहे. तिथे रोज कोणीतरी विचारतं, हा आणि हा एकत्र ठेवू का, आणि रोज कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, माझ्याकडे तर राहतात. कधीपासून राहतात, हे कोणी सांगत नाही. मी विचारते, तर गटाचा प्रमुख मला लिहितो, "काकू, पॉझिटिव्ह राहा."

मला जे कळलं ते मासे मरता मरता कळलं. सिक्लिड म्हणून माशांचं एक मोठं कूळ आहे आणि त्यातले बरेचसे भांडखोर. ते जागा धरतात. एक कोपरा, एक दगड आपला म्हटला की तिथे दुसऱ्याची सावली पडलेली चालत नाही. त्यांना सोबत द्यायची तर ती त्यांच्या तोंडात मावणार नाही एवढी मोठी हवी, पळून जाता येईल एवढी चपळ हवी आणि त्यांच्या जागेवर हक्क न सांगणारी हवी. असं करत करत माझ्या पेटीत एक घडी बसली होती. दोन ऑस्कर, त्यांनी लहानपणापासून एकमेकांना पाहिलेलं. वरच्या पाण्यात चपट्या रुपेरी सिल्व्हर डॉलरांचा घोळका, सतत पळता, म्हणून हाती न लागणारा. तळाशी काच चाटत फिरणारा सकर, ज्याची पाठ इतकी टणक की त्याच्या नादी कोणी लागायचं नाही. आत काही दगड आणि आमच्या तिवशाच्या घराच्या छपराची दोन कवेलू. किती तरी दिवस कोणी मेलं नव्हतं. पाहुण्यांचे मासे मी आता बाहेरच्या टाक्यात सोडायला शिकले होते. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात ताईचं जमलं. मुलगा सुधाकर, अकोल्याचा, त्याचं बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान. वडील नव्हते, घरी तो आणि आई दोघंच. दिसायला चांगला, आणि पाहायला आला तेव्हा मान खाली घालून बसला होता म्हणून आमच्यातल्या सगळ्यांना आवडला. ताईला आवडला का, हे विचारल्याचं मला आठवत नाही. ती तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचं म्हणणं एवढंच होतं की परीक्षा होऊ द्या. परीक्षा होऊ देऊ, असं ठरलं. साखरपुडा आमच्या बैठकीत झाला. पुऱ्या, आलूवांग्याची भाजी, कढी आणि बुंदी. तुपाचा आणि अत्तराचा वास इतका कोंडला होता की मला पेटीच्या हवेची काळजी वाटत होती. ओटी भरून झाली आणि सुधाकरच्या आईनं खुर्चीखालून एक झाकणाचा डबा काढला.

"तुमच्या लहान्या पोरीले माशांचा शौक हाय म्हणे. म्हटलं तिच्यासाठी बी काहीतरी नेऊ."

डब्यात हाताच्या पंजाएवढा मासा होता. करड्या अंगावर निळसर पांढऱ्या ठिपक्यांची दाट नक्षी, कपाळ थोडं पुढे आलेलं. देखणा होता, हे मी नाकारत नाही. टेक्सास म्हणतात याला, अमेरिकेचा आहे, असं विहीणबाईंनी सांगितलं आणि बाबा फुलून गेले. "अमेरिकेचा मासा अन् अकोल्याचे जवाई. अजून काय पाह्यजे?" तो सिक्लिडच दिसत होता, म्हणून मी म्हटलं, आज बादलीत ठेवते, उद्या पाहू. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाजूला झाले. मोठ्या काकांनी स्वतःच्या हातानं डबा पेटीत उपडा केला. पंगतीत बुंदी फिरून होईपर्यंत नव्या पाहुण्यानं मोठ्या ऑस्करला कवेलूमागून हाकलून लावलं होतं. मंडळी हसली. रुबाब पाहा म्हणाली. "आमच्या घरचा हाय थो," सुधाकर म्हणाला. त्या दिवशी त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवसापासून माझी हमाली सुरू झाली. नवा मासा सोडला की आतले दगड हलवायचे असतात. जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात, सगळेच नवे होतात आणि भांडण वाटलं जातं. मी हलवले. त्यानं नव्या मांडणीत पुन्हा अख्खी पेटी आपली केली. मी फुटक्या माठाचे तुकडे टाकून लपायला जागा केल्या, तर त्यानं लपलेल्यांना हुडकून काढायचा खेळ सुरू केला. पोट भरलेलं असलं तर शांत राहील म्हणून वाळवलेले झिंगे भिजवून जास्तीचे घातले, तर पाणी तेवढं घाण झालं. सिल्व्हर डॉलर एकेक करून मरू लागले. मरायच्या आधी ते वरच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहायचे, अन्नाला यायचे नाहीत. धाकट्या ऑस्करचा एक डोळा गेला. शेवटी मी फोटोच्या चौकटीची काच काढून पेटीच्या मधे आडवी लावली आणि त्याला एका बाजूला केलं. संध्याकाळी बाबांनी ती काच उचलून बाहेर ठेवली.

"सोयरे कई येतीन काई भरोसा हाय काय? जवायाचा मासा कोंडून ठेवला म्हणतीन."

"बाबा, थो बाकीच्यांना मारून राहिला."

"मारू दे. लग्नापर्यंत कळ काढ."

"लग्नापर्यंत कोणी उरणार नाही."

"मंग नवे आणू. सोयऱ्याइचा तेवढा जपजो."

म्हणजे माझे मासे मेले तर मासे मेले, त्यांचा मेला तर अपशकुन. मी सलीमभाईंकडे गेले. आता तरी हा माणूस हात टेकेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "अकेला है ना, इसलिए गरम है. जोड़ी लगा दो. मादी आई तो ठंडा पड़ेगा." कुठून तरी त्यांनी मादी मिळवली, त्याच्याहून लहान, अंगावर ठिपके जरा विरळ. मी दगड पुन्हा हलवले, तिच्यासाठी अरुंद तोंडाचं एक मडकं ठेवलं. पहिल्या दिवशी तो तिच्याभोवती फिरला आणि मी खुळ्यासारखी खूश झाले. त्यानंतर त्यानं तिला मडक्यातून बाहेरच येऊ दिलं नाही आणि ती बाहेर आली तेव्हा परत आत जाऊ दिलं नाही. कॉलेजातून आले तर ती पंपाच्या नळीमागे आडवी पडली होती. शेपूट राहिलं नव्हतं.

ताई पेटीजवळ बसून ब्लाउजांना हुक लावत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. मी कॉलेजात असताना तिनंच काठीनं मधे पडून पाहिलं होतं, पण तो काठीवरही धावून आला. तिनं मासा जाळीनं काढला, कागदात घेतला आणि मागच्या जास्वंदीखाली पुरला. हात धुताना मला म्हणाली, "तिले इचारून आणलं होतं काय इथी?" मी चिडलेलीच होते. मी म्हटलं, मासे विचारून आणतात का, आणि सलीमभाईंवरचा सगळा राग तिच्यावर काढला. ती परत हुक लावत बसली.

मानपानाच्या साड्या दाखवायला आई अकोल्याला निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर जायचा हट्ट धरला. पितळी किटलीत पाणी घेतलं, तिच्यात टेक्सासला घातलं, झाकणाला भोकं होतीच. आई म्हणाली, "हे कशाले?" मी म्हटलं, त्यांचा मासा त्यांच्याकडे ठेवायला नेते, लग्न झालं की ताईसोबतच राहील. "पोट्टे, तू सोयरीक मोडशीन," असं म्हणाली, पण किटली खाली ठेव असं म्हणाली नाही. एसटीत कंडक्टरनं किटलीत काय म्हणून विचारलं. मासा म्हटल्यावर त्यानं झाकण उघडून पाहिलं, मागच्या चार जणांना दाखवलं, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत अख्खी गाडी मला तो कसा रांधायचा हे सांगत होती. बडनेरा सोडल्यापासून ऊन नुसतं भाजत होतं. मी ओल्या रुमालानं किटली झाकत होते आणि ज्याच्यामुळे माझी पेटी उजाड झाली त्याला जिवंत ठेवायला मीच धडपडते आहे, या विचारानं माझी मलाच चीड येत होती.

अकोल्यात तेव्हाही नळ रोज येत नसे. सोयऱ्यांच्या घरी पाणी साठेल अशी प्रत्येक वस्तू भरून ठेवलेली होती. पिंप, हंडे, पातेली, आणि ओसरीवर एक काचेची पेटी, आमच्यापेक्षा लहान, काठोकाठ पिण्याच्या पाण्यानं भरलेली, वर स्टीलचं ताट झाकण म्हणून. बोअरचं पाणी वेगळ्या बादलीत, कारण ते खारं, धुण्याभांड्याचं. त्या काचेच्या पेटीच्या तळाशी अजून थोडी रेती होती. मी विचारलं, यात मासे होते का?

"होते ना वं माय," विहीणबाई म्हणाल्या. "बारा-पंधरा होते. सारे मारले यानं. एकटा राहिला. मंग एकट्याले काय पोसाचं? अन् पाण्याची ही मारामार. म्हटलं तुमची पेटी मोठी हाय, दुसरे मासे हाय, सोबत भेटली का निवन थो."

त्या हे अगदी साध्या मनानं बोलल्या. बाई वाईट नव्हती. मी त्यांना सांगितलं की सोबत दिली होती, मादीसुद्धा आणली होती, तीही त्यानं मारली. "मारली? बाप्पा," असं म्हणून त्यांनी झाकण उचलून किटलीत पाहिलं. पण परत घ्यायला तयार होईनात. दिलेली वस्तू परत घेत नाहीत, लग्नाच्या घरी तर मुळीच नाही. मी तरी किटली त्यांच्या ओसरीच्या कोपऱ्यात ठेवली आणि मनात म्हटलं, पाहू.

दुपारी सुधाकर जेवायला आला. त्याची मोटारसायकल दारात वाजली तशा विहीणबाई बोलता बोलता थांबल्या, आईपुढची साड्यांची घडी त्यांनी पटकन बाजूला सारली आणि त्याचा पाट भिंतीजवळ, पंख्याखाली मांडला. आम्हाला त्यानं हसून नमस्कार केला. ताट वाढलं. पाहुण्यांच्या गडबडीत विहीणबाईंनी त्याचा गिलास चुकून बोअरच्या बादलीतून भरला. त्यानं घोट घेतला, तो ताटातच थुंकला, आणि गिलास स्वतःच्या आईच्या दिशेनं फेकला. तो तिच्या कानाजवळून भिंतीवर आदळला आणि खणखणत ओसरीपर्यंत गेला. "आंधळी झाली काय?" एवढंच तो म्हणाला, आवाज फार न चढवता. मग दुसरं ताट येईपर्यंत स्वस्थ बसला आणि माझ्या आईला म्हणाला, "भाजी घ्या ना मावशी, काहीच घेतलं नाही तुमी." विहीणबाईंनी गिलास उचलून आणला. त्या हसत होत्या. माझीच चूक म्हणाल्या. भिंतीवर तसल्याच आणखी खुणा होत्या, त्या मला आता दिसल्या.

तो परत दुकानात गेला तेव्हा त्या आईजवळ सरकून बसल्या. "मनावर घेऊ नका, बाई. एकटा हाय ना घरी, म्हणून तापते. लगन झालं का निवन."

सकाळी माशाबद्दल वापरलेले तेच शब्द. माणसांची तुलना माशांशी करणाऱ्या लोकांचा मला मनस्वी कंटाळा आहे. जो येतो तो पेटीपुढे उभा राहून एकत्र कुटुंबावर काहीतरी बोलून जातो आणि स्वतःलाच शहाणा समजतो. मी ती तुलना केली नाही. ती त्या माउलीनं केली, न कळता, आणि मी तिथे बसून ऐकली. मी आईकडे पाहिलं. ती साड्या पिशवीत भरत होती.

किटली आमच्याबरोबर परत आली, हे सांगायला नकोच. विहीणबाईंनी ती स्वतः रिक्षात आणून दिली. परतीच्या एसटीत मी आईला सारखी म्हणत होते, तू पाहिलंस ना, तू बाबांना सांगणार ना, त्यानं स्वतःच्या आईला गिलास फेकून मारला, ताईला काय करेल. आई खिडकीबाहेर पाहत होती. बोरगाव मागे पडल्यावर म्हणाली, "तू तोंड बंद ठेव जरा. मले इचार करू दे." यापेक्षा चीड आणणारं उत्तर मला आयुष्यात कोणी दिलेलं नाही.

मी तोंड बंद ठेवलं नाही. दिवेलागणीला बाबा दुकान बंद करून वर आले, मोठे काका तिवशाहून आलेलेच होते. झुणका, भाकरी आणि ठेचा. ताई स्टोव्हपुढे भाकरी करत होती आणि आई वाढत होती. मी सगळं सांगितलं. खारं पाणी, थुंकणं, गिलास, भिंतीवरच्या खुणा. बाबा खाली मान घालून जेवत होते.

"धंद्याच्या माणसाचं डोकं तापते," ते म्हणाले. "उन्हातून आला असन."

"आईला मारला, बाबा. स्वतःच्या आईला."

"लागला काय तिले?"

"नाही."

"मंग?"

मोठे काका म्हणाले, पुरुषाला थोडा राग असलेला बरा, बायकोचं ऐकत बसत नाही. मी मादी टेक्सासची गोष्ट सांगायला लागले, तिचं शेपूट कसं गेलं ते, तर बाबा कावले. "माणसाची गोष्ट चालू हाय, तू मासे काहून आणतं मधात?" मला रडू फुटायच्या बेतात होतं. ताई भाकरी उलटत होती. एवढं सगळं तिच्याबद्दल चाललेलं, पण तिच्याकडे कोणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

आईनं बाबांच्या वाटीत ताक वाढलं आणि सहज म्हणाली, "बाकी एक सांगाचं राहूनच गेलं. थो मासा काही इकत आणलेला नव्हता म्हणे. त्याइच्या घरचाच. लय मारामारी करे, सांभाळणं होईना, म्हणून काढून देला आपल्याले."

बाबांचा हात ताटातच राहिला. "काढून देला?"

"हो. त्याइच्या आईनंच सांगतलं."

"साखरपुड्यात? चार लोकाइच्या समोर? घरातली नको झालेली वस्तू माह्या पोरीच्या ओटीसोबत?"

मग जे झालं ते मी तोंड उघडं टाकून पाहत राहिले. बाबा अर्ध्या ताटावरून उठले. मोठे काका त्यांच्याहून लाल झाले, कारण डबा त्यांच्याच हातानं उपडा झाला होता. आपल्याला काय उकिरडा समजले काय, अशी भाषा सुरू झाली. आम्ही देतो तर नवं देतो, पाहुण्याला शिळी भाकर देत नाही, आणि हे लोक वापरलेला मासा देतात. धामणगावला आत्याकडे निरोप गेला, तीही तणतणत आली. जिनं आमच्याकडे मासे आणून आणून माझा जीव घेतला होता, ती म्हणाली, "मी तं नेहमी नवाच आणला बाप्पा." आठवडा उलटायच्या आत सोयरीक मोडली. साडी, अंगठी आणि मासा परत पाठवायचं ठरलं. माशाची किटली पुन्हा मीच भरली. या वेळी ती घेऊन मोठे काका गेले आणि ती अकोल्यातच राहिली.

अकोल्याचे लोक आजही सांगतात की अमरावतीच्या त्या येड्यांनी एका माशापायी लग्न मोडलं. त्यांचं चूक नाही. बाबा तर पुढची कित्येक वर्षं, पाहुणे आले की ही हकिगत पदरचं तिखटमीठ लावून सांगायचे, आपण मान कसा राखला म्हणून. त्या हकिगतीत गिलास कधीच आला नाही. मी मधेच म्हणायचे, बाबा, गिलासासाठी मोडायला हवं होतं. ते म्हणायचे, गिलासाचं काय घेऊन बसली. आईला मी एकदा विचारलं, ते ताकाच्या वेळचं तू मुद्दाम बोललीस का? ती म्हणाली, "मी तं झालं थे सांगतलं." यापलीकडे ती कधी गेली नाही आणि आता विचारायला ती नाही. माझं डोकं मात्र आजही त्या पंगतीपाशी अडकून बसतं. मी जीव तोडून खरं कारण सांगत होते, ते कोणी घेतलं नाही.

लग्नाचा ठरलेला दिवस आला आणि गेला. त्या सकाळी आम्ही तिघी स्वयंपाकघरात मेथी निवडत होतो. मी खुशीत होते. पेटीतला एकडोळ्या ऑस्कर पहिल्यांदा वर येऊन खाऊ लागला होता. मी म्हटलं, ताई, सुटलीस बघ.

ताईनं निवडलेली पानं परातीत टाकली. "निमे, त्याइनं मासा न आणता पेढ्याचा डबा आणला असता तं?"

मी म्हटलं, तर काय?

"तं आता माह्यावर अक्षता पडून राहिल्या असत्या," ताई म्हणाली. "गिलास तं त्यानं तरीही फेकलाच असता."